सचिव गेले, पस्तीस दिवस उरले: भौतिकशास्त्र संघटनेच्या एका शाखेचं प्रकरण

शाखेचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम पस्तीस दिवसांवर आला होता. एकाच संध्याकाळी आधी वार्षिक सर्वसाधारण सभा, मग गुरुत्वीय लहरींवर व्याख्यान आणि शेवटी प्रात्यक्षिकं. नेमक्या त्याच वेळी सचिवांची बदली झाली आणि आठवड्याभरात ते निघूनही गेले. सहा वर्षं शाखा त्यांनीच चालवली होती आणि उत्तम चालवली होती. खरी गोम तिथंच आहे. सुरळीत चाललेल्या शाखेचं दप्तर कुणी उघडून पाहत नाही.

ही शाखा नमुन्यादाखल उभी केलेली आहे. सभासदांची संख्या, खोल्यांची मापं, दिवसांची गणितं हिशेब नीट दिसावा म्हणून घेतली आहेत. अडचणी मात्र अशा शाखा चालवणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीच्या आहेत.

दप्तर उघडल्यावर

कागदोपत्री २४० सभासद, सात जणांची कार्यकारिणी, वर्षाला आठ व्याख्यानं. प्रत्यक्षात व्याख्यानाला पंधरा-सोळा डोकी, त्यातली पाच कार्यकारिणीचीच. सचिवांकडे काय काय होतं याची यादी करायला अध्यक्ष, खजिनदार आणि दोन सदस्य बसले तेव्हा ती संपता संपेना. शाखेच्या ईमेल खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडे, आणि तो बदलायला लागणारा ओटीपी त्यांच्या खासगी मोबाइलवर. सभासदांची यादी त्यांच्या लॅपटॉपवर. बँकेत दोन सह्या लागायच्या, खजिनदारांची आणि त्यांची. सभागृह मिळायचं ते तिथल्या कारकुनाशी असलेल्या ओळखीवर, तोंडी. व्याख्यात्यांशी बोलणं झालं होतं तेही फोनवर. तारीख पक्की होती की नुसती सुचवली होती, हे कुणालाच सांगता येईना.

अशा वेळी पहिला मोह होतो तो कार्यक्रमाच्या मागे धावण्याचा: व्याख्याते येणार का, जाहिरात कधी करायची. शाखेनं तो आवरला, हे बरं केलं. जे काम दुसऱ्याच्या कार्यालयातून होऊन यायचं असतं, ते आधी सुरू करायचं. सर्वांत वेळखाऊ होतं बँकेचं. शाखा ही बहुधा स्वतंत्र संस्था नसते, मुख्यालयाचाच एक हात असते. त्यामुळे सही बदलायला कार्यकारिणीचा ठराव, मुख्यालयाचं पत्र, नव्या माणसाची ओळखपत्रं आणि सहीचे नमुने, असं सगळं लागतं. (इतिहासात हे उलटं घडलेलं आहे. जर्मनीची आजची राष्ट्रीय संघटना १८४५ मध्ये बर्लिन शहरापुरती निघाली होती. ‘जर्मन’ हे नाव तिनं घेतलं ते १८९९ मध्ये. तिथं आधी शाखा होती, झाड मागून आलं.)

म्हणून दुसऱ्याच दिवशी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. इतिवृत्तात दोनच ठराव: एका सदस्याची उरलेल्या मुदतीपुरती प्रभारी सचिव म्हणून नेमणूक, आणि बँकेतल्या सहीत बदल. ठरावात जुन्या सचिवांचं नाव, नव्यांचं नाव, खातं क्रमांकानिशी आणि ‘दोघांपैकी कोणाची सही कधीपासून चालणार नाही’ हे स्पष्ट लिहिलं. ‘बँकेचे व्यवहार नवीन सचिव पाहतील’ असा मोघम ठराव बँक परत पाठवते आणि दहा दिवस जातात.

तोवर खर्चाचं काय? एका सदस्यानं सुचवलं की मुख्यालयाचं अनुदान तात्पुरतं खजिनदारांच्या खासगी खात्यात घ्यावं. खजिनदारांनी साफ नकार दिला, आणि तो बरोबर होता. सभासदांनी पदरचे पैसे खर्च करावेत, पावती शाखेच्या नावानं घ्यावी, सही बदलली की परतावा मिळेल, असं ठरलं. उलटी वाट, म्हणजे शाखेचे पैसे आधी कुणाच्या तरी खिशात, ही लेखापरीक्षणात कितीही प्रामाणिक असली तरी वाईटच दिसते.

दोनशे चाळीस की एकशे बहात्तर

सर्वसाधारण सभेला नियमाप्रमाणे एकवीस पूर्ण दिवसांची सूचना लागत होती. यात सूचना पाठवल्याचा दिवस धरत नाहीत आणि सभेचाही धरत नाहीत. बदलीचा निरोप आला तो दिवस शून्य धरला तर सभा ३५व्या दिवशी. मधले एकवीस दिवस म्हणजे १४ ते ३४. सूचना निघायची शेवटची तारीख तेरावा दिवस. पस्तीसातून एकवीस वजा करून ‘चौदाव्या दिवशी पाठवू’ म्हणणारे हमखास भेटतात. एका दिवसाच्या त्या चुकीवर एखादा नाराज सभासद पुढे सगळी निवडणूक रद्द मागू शकतो.

सूचना पाठवायची तर यादी हवी. लॅपटॉपवरची यादी जुन्या सचिवांनी लगेच पाठवली. त्यांच्याविषयी तक्रारीला जागा नव्हती, आणि निरोपाच्या भाषेत तसा सूर येऊ नये याची काळजी अध्यक्षांनी मुद्दाम घेतली. त्या यादीवर साधा चाचणी-मेल पाठवला तर ६१ परत आले. बहुतेक पत्ते विद्यार्थी सभासदांचे, शिक्षणसंस्थेनं दिलेले. शिक्षण संपलं की संस्था ते खातं बंद करते.

व्याख्यानांना माणसं का येत नाहीत यावर कार्यकारिणीत दोन वर्षं चर्चा चालू होती. विषय अवघड असतात, तरुणांना रस नाही, वेळ चुकते, सगळं बोलून झालं होतं. दर चार निमंत्रणांतलं एक कुणापर्यंत पोहोचतच नाही, हे तपासायचं राहिलं होतं. गर्दी कमी झाली की विषयाला दोष देण्याआधी मेल परत येतात का ते पाहावं. दहा मिनिटांचं काम आहे.

मुख्यालयाकडून अधिकृत यादी मागवली. ती मिळायला पदाधिकारी बदलल्याचं कळवावं लागलं, कारण सभासदांची माहिती मुख्यालय कोणाच्याही हाती देत नाही आणि देऊही नये. त्या यादीत वर्गणी चालू असलेले निघाले १७२. उरलेल्या ६८ जणांची वर्गणी थकलेली, काहींची तर तीन-तीन वर्षं.

याचा परिणाम थेट कोरमवर, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीवर झाला. नियम होता, ‘चालू सभासदांच्या एक दशांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती.’ २४० धरले तर एक दशांश २४, म्हणून कोरम वीस. १७२ धरले तर १७.२. माणसांचे तुकडे होत नाहीत, म्हणून अठरा. दोन डोक्यांचा फरक, पण पंधरा-सोळा हजेरीच्या शाखेत तो फार मोठा आहे.

परत आलेल्या ६१ पैकी ४४ थकबाकीदार होते. उरलेले १७ मात्र चालू सभासद होते, आणि त्यांना सूचना पोहोचवणं हे शाखेचं काम होतं. दोघांनी बसून अकरा जणांना फोन केले, सहा जणांना टपालानं पत्रं धाडली. सूचना अकराव्या दिवशी निघाली. तिच्यात एक वाक्य आवर्जून होतं: कोरम झाला नाही तर सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच विषयांवर भरेल आणि तेव्हा कोरमची अट नसेल. नियमावलीत अशी सोय असेल तरच हे लिहिता येतं, आणि तहकूब सभेत नवा विषय किंवा नियमदुरुस्ती घेता येत नाही.

व्याख्यात्यांना काय विचारायचं असतं

व्याख्यात्यांशी बोलणं सुखाचं निघालं. तारीख त्यांच्या लक्षात होती, फक्त वेळ माहीत नव्हती. त्यांनी उलट विचारलं, ‘‘समोर कोण असतील?’’ प्रभारी सचिवांनी चटकन सांगितलं, ‘‘सर, भौतिकशास्त्रातलेच सगळे.’’ हे उत्तर निरुपयोगी आहे. दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं: एक तृतीयांश महाविद्यालयीन शिक्षक, एक तृतीयांश पदवीचे विद्यार्थी, बाकी अभियंते, निवृत्त मंडळी आणि घरच्यांबरोबर आलेली शाळकरी मुलं. व्यतिकरणमापी (प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून लांबीतला सूक्ष्म फरक मोजणारं उपकरण) ऐकून माहीत असेल, गणित नको. त्यावर त्यांनी सत्तर स्लाइड्सच्या अठ्ठावीस केल्या आणि व्याख्यान एका प्रश्नावर बांधलं: १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरीमुळे अशा उपकरणाच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान फरक पडला, तो गोंगाटातून ओळखला कसा?

लेखी निमंत्रणात बाकी हवं ते एवढंच: बोलायला ४५ मिनिटं आणि प्रश्नांना १५, शीर्षक व ऐंशी शब्दांचा गोषवारा कधीपर्यंत, पडद्याचं गुणोत्तर, ध्वनिचित्रमुद्रणाला परवानगी आहे का, प्रवासखर्च कोण व कधी देणार, आणि त्या दिवशी कुणाच्या मोबाइलवर फोन करायचा. व्याख्यान तासाभराच्या पुढे नेऊ नये हे फॅरडेनं १८१३ मधल्या पत्रांतच मित्राला लिहून ठेवलंय. त्यात अजून दुरुस्ती करावी लागलेली नाही.

सभागृह बदललं, तिथून पुढे

सोळाव्या दिवशी कळलं की तळमजल्यावरचं सभागृह त्या संध्याकाळी दुसऱ्याच कुणाला लेखी दिलेलं आहे. तोंडी शब्दाला कुणी नकार दिला नव्हता. तो कुठल्याच वहीत नव्हता, एवढंच. त्याऐवजी तिसऱ्या मजल्यावरची चर्चाकक्षाची खोली मिळाली: ९ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३ मीटर उंच. खिडक्या कायमच्या बंद, वातानुकूलन आतलीच हवा फिरवणारं. खुर्च्या साठ. आणि प्रात्यक्षिकात होता द्रवरूप नायट्रोजन.

इथं शाखेनं हिशेब मांडला, तो सविस्तर पाहण्यासारखा आहे. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि खोलीच्या तापमानाला आला की त्याचं आकारमान जवळपास सातशे पट होतं. एका लिटरचा सुमारे ०.६९ घनमीटर वायू. खोली १८९ घनमीटर. मूळ बेत दहा लिटरचा होता, म्हणजे सुमारे ७ घनमीटर वायू. सगळाच्या सगळा सांडून हवेत नीट मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून २०.१ वर येतो. धोक्याचा इशारा साधारण १९.५ टक्क्यांना धरतात. म्हणजे चालेल?

आकड्यानुसार हो. पण ‘नीट मिसळला तर’ हे गृहीतक तपासायला हवं. नुकताच उकळलेला वायू थंड आणि म्हणून हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो. आणि अशा कार्यक्रमात टेबलासमोर जमिनीवर कोण बसतं? लहान मुलं. म्हणून दोन गोष्टी ठरल्या: खोलीत तीन लिटरहून जास्त न्यायचा नाही, आणि पहिली रांग टेबलापासून अडीच मीटरवर, सगळे खुर्च्यांवर.

एवढं झाल्यावर समिती समाधानानं उठणार होती, तेवढ्यात एका सदस्यानं विचारलं की उरलेल्या नायट्रोजनचा देवार (द्रव वायू थंड ठेवणारं दुहेरी भिंतीचं भांडं) कुठं ठेवायचा. पुरवठादाराकडे होता पंचवीस लिटरचा. तो कार्यक्रमापूर्वी शेजारच्या साहित्याच्या खोलीत ठेवू असं जवळजवळ ठरलं होतं. ती खोली ३ मीटर बाय अडीच, उंची ३. म्हणजे साडेबावीस घनमीटर. पंचवीस लिटरचा वायू सव्वासतरा घनमीटर. देवार आडवा होऊन रिकामा झाला तर खोलीत ऑक्सिजन उरेल पाच टक्क्यांच्या आसपास. तिथं शिरणारा माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काही जाणवतही नाही. गुदमरल्याची जाणीव होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. मदतीला धावणारा दुसरा माणूसही तसाच पडतो. शंभर डोळ्यांसमोर असलेल्या दालनाची काळजी सगळेच करतात. घात करते ती बाजूची कोंदट खोली.

देवार मग तळमजल्यावरच्या, दोन्ही बाजूंनी उघड्या खिडक्या असलेल्या प्रयोगशाळेत राहिला. वर न्यायला पाच लिटरचा छोटा देवार, त्यात तीन लिटर. लिफ्टमध्ये तो एकटा गेला. खाली एकानं ठेवून दार लावलं, वर दुसऱ्यानं काढून घेतला, मधल्या मजल्यांवर कुणी लिफ्ट थांबवू नये म्हणून दोघे उभे. लिफ्ट अडकली तर बंद पेटीत माणूस आणि नायट्रोजन सोबत नकोत, एवढंच त्यामागचं कारण. झाकण सैल, कधीच घट्ट बसवायचं नाही. कोंडलेला द्रव उकळत राहतो आणि भांडं फुटतं. याच कारणानं बाटलीत नायट्रोजन भरून झाकण लावायचा ‘धमाकेदार’ प्रयोग यादीतून काढला. तो सुचवणारा दर वर्षी कुणीतरी असतोच.

प्रयोग करणाऱ्यासाठी चेहरा पूर्ण झाकणारी ढाल, सैलसर हातमोजे (द्रव आत गेला तर झटकून काढता यावेत), पँट बुटांच्या बाहेर, अंगठ्या उतरवून.

दुसरं प्रात्यक्षिक तांब्याच्या नळीतून पडणाऱ्या निओडायमियम चुंबकाचं. एक मीटर उंचीवरून एरवी वस्तू ०.४५ सेकंदात खाली येते; जाड भिंतीच्या, चुंबकाला जेमतेम जागा देणाऱ्या नळीत चुंबकाला कित्येक सेकंद लागतात, कारण पडता चुंबक तांब्यात विद्युतप्रवाह निर्माण करतो आणि तो प्रवाहच त्याला अडवतो. नळी नायट्रोजननं थंड केली की आणखी हळू. शुद्ध तांब्याचा रोध ७७ केल्विनला (म्हणजे त्याच उणे १९६ अंशांना) जवळपास आठपटीनं घटतो, पण नळकामाच्या तांब्यात फॉस्फरस असतो, त्यामुळे तिथं फरक बराच कमी पडतो. आठपट दाखवू असं आधी जाहीर करून फजिती ओढवून घेऊ नये. खाली स्टीलचं ताट नको, चुंबक चिकटतो किंवा आपटून तुकडे उडतात. लाकडी फळी ठेवावी. मागच्यांना नळीच्या आतलं काहीच दिसत नाही, त्यांना तो ‘टक’ आवाज ऐकू यायला हवा. पेसमेकर असलेल्यांनी लांब बसावं, ही सूचना सुरुवातीलाच द्यावी.

त्या संध्याकाळी

सभा व्याख्यानाच्या आधी ठेवली. व्याख्यानानंतर ठेवलेल्या सभेला कोरम क्वचितच टिकतो. माणसं प्रश्नोत्तरं चालू असतानाच चपला शोधू लागतात. पाच वीसला मोजणी झाली. सतरा. एक कमी. प्रभारी सचिव तहकुबीची घोषणा करायला उठणार, तेवढ्यात हजेरीच्या टेबलावरच्या विद्यार्थिनीनं पाहुण्यांचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, ‘‘मॅडम, हे काका सभासद आहेत, यांनी इकडे सही केलीय.’’ निवृत्त गृहस्थ, वर्गणी चालू, नाव यादीत. कागद दोन असल्यामुळे त्यांना वाटलं की दुसरी रांग लहान आहे. अठरा झाले. त्यांची सही सभासदांच्या पटावर घेतली, वेळ लिहिली, सभा सुरू. बावीस मिनिटांत इतिवृत्त, अहवाल, हिशेब आणि निवडणूक आटोपली.

दोन कागद ठेवायचेच, पण एकाच टेबलावर नकोत. सभासदांच्या टेबलावर छापील यादी असावी आणि नावासमोरच सही घ्यावी, म्हणजे मोजणीच्या वेळी वाद उरत नाही.

व्याख्यान चांगलं झालं. दूरस्थ प्रक्षेपण फसलं. ऑनलाइन ऐकणाऱ्या तेवीस जणांना एकही प्रश्न ऐकू आला नाही, कारण माइक फक्त व्यासपीठावर. शिवाय दालनातल्याच एकानं आपल्या लॅपटॉपवर स्पीकर चालू ठेवून बैठक उघडली आणि दहा मिनिटं आवाज घुमत राहिला. उपाय जुनाच आहे: उत्तर देण्याआधी सूत्रसंचालकानं प्रश्न माइकवर पुन्हा म्हणायचा, आणि दालनातून दुसऱ्या कुणी बैठकीत शिरायचं नाही.

पद तोडलं

नव्या कार्यकारिणीपुढे पहिला प्रस्ताव आला तो सहसचिव नेमण्याचा. तो फेटाळला गेला. सहसचिव बहुतेक ठिकाणी पत्रिकेवरचं नाव असतो. सचिव जागेवर असेपर्यंत त्याला काही करायला मिळत नाही, आणि सचिव गेल्यावर त्याला काही माहीत नसतं. त्याऐवजी सचिवपदाचीच कामं चार जणांत वाटली. सभासदयादी आणि पत्रव्यवहार एकाकडे, व्याख्याते दुसऱ्याकडे, जागा व साधनं तिसऱ्याकडे, मुख्यालयाचा अहवाल चौथ्याकडे. सचिव उरले ते इतिवृत्ताला आणि सहीला. मुदत दोन वर्षं, पण दर वर्षी दोघेच बदलणार. जाणाऱ्यानं एका कार्यक्रमात मदतनीस म्हणून राबायचं आणि येणाऱ्यानं काम करायचं. नुसती फाइल देऊन हस्तांतर झालं असं मानायचं नाही.

व्याख्यानं आठावरून पाचावर आणली. यावर कुरकुर झाली, पण आठांपैकी तीन तरी अशी असायची की ती संख्येसाठीच व्हायची. प्रत्येक व्याख्यानाचं वेळापत्रक एका ओळीत बसतं: दहा आठवडे आधी लेखी निमंत्रण, सहा आठवडे आधी शीर्षक, चार आठवडे आधी जागेचं लेखी पत्र हातात, तीन आठवडे आधी पहिली सूचना, दोन दिवस आधी आठवण, आणि नंतर सात दिवसांच्या आत प्रवासखर्च. शेवटचं सगळ्यात जास्त चुकतं, आणि व्याख्याते पुन्हा येत नाहीत ते त्यामुळेच.

विद्यार्थी सभासदांकडून शेवटच्या सत्रात खासगी ईमेल मागून घ्यायचा, हेही ठरलं. थकबाकीदार ६८ जणांना पत्र गेलं, त्यात वर्गणीची मागणी नव्हती. पत्ता बरोबर आहे का एवढंच विचारलं होतं. एकोणीस जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या सात जणांनी आपणहून वर्गणी भरली.

शाखेचं ईमेल खातं नव्यानं, पदाच्या नावानं काढलं. पासवर्ड दोन लिफाफ्यांत, अध्यक्ष आणि खजिनदारांकडे. तिसऱ्या महिन्यात खजिनदारांनी सहज पडताळणी म्हणून स्वतःच्या घरून लॉगिन करून पाहिलं, तर ओटीपी गेला पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या सदस्याच्या खासगी मोबाइलवर.